वाचलेलं डोक्यात का राहत नाही आणि राहावं म्हणून नेमकं काय करायचं

"माझ्या काही लक्षातच राहत नाही" असं कुणी म्हटलं की मी आधी एकच विचारते, नेमकं काय राहत नाही? कारण चावी कुठे ठेवली ते न आठवणं, ओळखीच्या माणसाचं नाव ओठांवर येऊन अडकणं, चार वेळा वाचलेला धडा पेपरात कोरा होणं आणि संध्याकाळी करायचा फोन राहून जाणं, या सगळ्याला आपण सरसकट "विसरलो" म्हणतो पण डोक्यात घडलेलं प्रत्येक वेळी वेगळं असतं. मग उपायही वेगळा लागणार ना. म्हणून मेमरी वाढवायच्या गोळ्या नाहीतर ब्रेन गेमचं ॲप असा सगळ्यावर एकच इलाज करून फारसं काही हाती लागत नाही. खाली एकेक घेऊन लिहिलंय, कशामुळे होतं आणि काय करायचं. अभ्यासाबद्दल सगळ्यात जास्त लिहिलंय कारण तिथे लोक खरोखर जीव तोडून मेहनत करतात आणि ती चुकीच्या जागी जाते, ते बघून मला फार वाईट वाटतं.

आधी बघा, ते आत गेलं तरी होतं का

आठवणीचे ढोबळ तीन टप्पे धरा. गोष्ट आत जाणं, ती आत टिकणं आणि हवी तेव्हा ती बाहेर येणं. यातला पहिलाच टप्पा कित्येकदा झालेला नसतो. आपली मेमरी म्हणजे काही सीसीटीव्ही नाही की समोर आलं ते सगळं आपोआप रेकॉर्ड झालं, ज्याच्याकडे लक्ष गेलं आणि ज्याच्याबद्दल डोक्याने काहीतरी केलं तेवढंच आत जातं. 1979 मध्ये निकर्सन आणि ॲडम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या लोकांना त्यांच्या रोजच्या वापरातलं एक सेंटचं नाणं आठवून काढायला सांगितलं, तर चेहरा कुठल्या बाजूला बघतोय, कुठे काय लिहिलंय हे बहुतेकांना धड जमलं नाही. आयुष्यभर हाताळलेलं नाणं! कारण नाणं ओळखायला रंग आणि आकार पुरतो, बाकीच्याकडे बघायची कधी गरजच पडलेली नसते.

चावी, चष्मा, कुलूप लावलं का, गॅस बंद केला का, हे सगळं याच खात्यातलं. हात सवयीने काम उरकतो, डोकं दुसरीकडेच असतं, मग नंतर आठवायला आत काही नसतंच. इथे आठवायचा कितीही प्रयत्न केला तरी काय उपयोग. त्यापेक्षा वस्तूची एक जागा ठरवून टाका आणि कुलूप लावताना तोंडाने मोठ्याने म्हणा "कुलूप लावलं, आज मंगळवार". विचित्र वाटेल पण बोलल्यामुळे तो क्षण कालच्या आणि परवाच्या शेकडो कुलपांपासून वेगळा पडतो, आणि आठवायला नेमका तो वेगळेपणाच लागतो.

डोक्यात एका वेळी किती मावतं

आत्ता या क्षणी डोक्यात धरून ठेवलेल्या गोष्टींना वर्किंग मेमरी म्हणतात आणि ती फार छोटी असते. जॉर्ज मिलर यांनी 1956 मध्ये सात, दोन कमी-जास्त, असा आकडा मांडला होता, नंतर 2001 मध्ये नेल्सन कोवान यांनी मांडलं की मनातल्या मनात घोकायला आणि गट करायला वाव दिला नाही तर तो चारच्या आसपास येतो. आणि टिकतं किती? 1959 मध्ये पीटरसन जोडप्याने लोकांना फक्त तीन अक्षरं सांगितली आणि लगेच एका मोठ्या आकड्यातून तीन-तीन वजा करत उलटं मोजायला लावलं, म्हणजे मनात घोकता येऊ नये म्हणून, तर 18 सेकंदांत ती अक्षरं जवळपास पुसली गेली होती. त्यामुळे कुणी नंबर सांगत असताना मधेच दुसऱ्याने काही विचारलं आणि नंबर उडाला तर त्यात तुमच्या मेमरीचा काही दोष नाही, सगळ्यांचं असंच असतं. लिहून घ्या, बस.

याच बाबतीत एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. एका साध्या कॉलेजच्या मुलाला दीड वर्षाहून जास्त काळ, आठवड्यातून तीन ते पाच दिवस, आकडे ऐकून परत म्हणायचा सराव दिला, तो सातवरून 79 आकड्यांपर्यंत गेला. एरिक्सन, चेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 मध्ये हे छापलं. तो मुलगा धावपटू होता, आकड्यांचे गट करून तो ते शर्यतीच्या वेळा म्हणून लक्षात ठेवायचा, अमुक मैलाला इतकी मिनिटं इतके सेकंद असं. पण त्याला आकड्यांऐवजी अक्षरं दिली की स्वारी परत सहाच्या आसपास! म्हणजे त्याच्या वर्किंग मेमरीचा आकार वाढला नव्हता, त्याला आधीच माहीत असलेल्या गोष्टीला नवीन गोष्ट जोडायची पद्धत सापडली होती. ब्रेन गेममध्येही हेच होतं, तुम्ही त्या गेममध्ये तरबेज होता, बाकी आयुष्यात त्याचा फायदा झाल्याचा पुरावा फार कमी आहे. तो वेळ तुमच्या विषयाला द्या. एखाद्या विषयाचं जितकं जास्त येतं तितकं त्यातलं नवीन लक्षात ठेवणं सोपं जातं, सुरुवातीला सगळ्यात जड जातं ते यामुळेच, तिथे धीर सोडू नका.

माहिती वेगळी, हातातलं कौशल्य वेगळं

1953 मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या तरुणाचं फिट्स थांबाव्यात म्हणून मेंदूचं ऑपरेशन झालं, त्यात दोन्ही बाजूच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नवीन आठवणी साठवायला लागणाऱ्या मेंदूच्या भागाचा, मोठा हिस्सा काढला गेला. फिट्स कमी झाल्या पण त्यानंतर नवीन काहीच त्यांच्या लक्षात राहीना, भेटलेला माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला की तो नवाच. ब्रेंडा मिलनर यांनी त्यांना आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली, आणि दिवसागणिक त्यांचा हात सुधारत गेला, जरी दर वेळी त्यांना वाटायचं की आपण हे पहिल्यांदाच करतोय. 2008 मध्ये ते वारले, पण माहिती साठवायची आणि कौशल्य साठवायची यंत्रणा वेगळी आहे हे जगाला त्यांच्यामुळे एवढं स्पष्ट कळलं. आपल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे, गणित सोडवताना बघून गणित येत नाही, टायपिंगचे व्हिडिओ बघून टायपिंग येत नाही, जे करायचंय ते हाताने करूनच बसतं.

मग शिकलेलं जातं कुठे

हर्मन एबिंगहाऊस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग करून 1885 मध्ये ते छापले. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या आणि मग ठरावीक वेळाने तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजायचं. 20 मिनिटांनी वेळेची बचत 58 टक्के, तासाने 44, एका दिवसाने साधारण 34 आणि महिन्याने 21. हे आकडे सगळीकडे फिरतात पण त्यांचा अर्थ नीट सांगितला जात नाही. एक म्हणजे ती अक्षरं निरर्थक होती, अर्थ असलेली गोष्ट इतक्या लवकर जात नाही. दुसरं, घसरण सुरुवातीला जोरात आहे आणि मग मंद होते, एका दिवसाने 34 आणि महिन्याने 21 म्हणजे पहिल्या दिवसानंतर जे शिल्लक राहिलं ते बराच काळ तग धरतं. म्हणून पहिली उजळणी 24 तासांच्या आत. आणि तिसरं जे मला सगळ्यात दिलासा देणारं वाटतं, महिन्याने "काहीच आठवत नाही" वाटत असताना सुद्धा पुन्हा पाठ करायला कमी वेळ लागत होता, म्हणजे आत काहीतरी शिल्लक होतंच. मागच्या वर्षीचं सगळं गेलं म्हणून नव्याने पुस्तक उघडायला घाबरता ना, तर ते शून्यापासून नसतं.

आता ते जातं कशामुळे? नुसता वेळ गेला म्हणून जातं असं नाही. 1924 मध्ये जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी दाखवलं की पाठ केल्यावर झोपलं तर त्याच तितक्या तासांत जागं राहण्यापेक्षा कमी विसरलं जातं, म्हणजे मधल्या वेळात डोक्यात काय काय येतं त्याचाही हात असतो. सारख्या गोष्टी एकमेकींच्या आड येतात. नवीन पासवर्ड टाकताना बोटं जुनाच टाकतात, किंवा नवीन पक्का झाला की जुना हवा असताना आठवत नाही, दोन्ही दिशांनी अडथळा होतो. म्हणून दोन मिळतेजुळते विषय एकापाठोपाठ ठेवू नका, आणि ठेवावेच लागले तर त्यांच्यातला फरक काय तो आधी कागदावर लिहून काढा.

दुसरं कारण म्हणजे गोष्ट आत आहे पण तिला ओढून काढणारा धागा सापडत नाही. 1966 मध्ये टुल्विंग आणि पर्लस्टोन यांनी लोकांना शब्दांची यादी दिली, नंतर नुसतं "आठवा" म्हटलं तर थोडे आठवले, पण "यात प्राणी होते, वाद्यं होती" असं गटाचं नाव सांगितलं की बरेच जास्त आठवले. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाऊन "मी इथे कशाला आले" होतं ते पण याच जातीचं, विचार ज्या गोष्टी बघून सुचला होता त्या मागच्या खोलीत राहिल्या, तर सरळ मागे जाऊन तिथे उभं राहून बघा, कधी कधी येतं. नाव ओठांवर अडकलं तर चुकीचं नाव पुन्हा पुन्हा म्हणत बसू नका, त्याने तेच जास्त पक्कं होतं आणि खरं नाव अजून आत ढकललं जातं. अक्षरमाला क पासून मनात म्हणत जा, तो माणूस कुठे भेटला होता ते डोळ्यांसमोर आणा, नाही आलं तर सोडून द्या, आणि सापडलं की दोन-तीनदा मोठ्याने म्हणून ठेवा म्हणजे पुढच्या वेळी तिथेच अडकणार नाही.

अभ्यासाचं काय, हा भाग सावकाश वाचा

इथे माझं म्हणणं अगदी ठाम आहे. आपण सगळे आत भरण्यावर वेळ घालवतो, आणि परीक्षेत, इंटरव्ह्यूत, कामावर लागतं ते बाहेर काढणं. ज्याचा सराव केलाच नाही ते ऐन वेळी कसं येणार?

2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रं फक्त वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत पुस्तक न बघता आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना 61. आणि गंमत नाही, खरी काळजीची गोष्ट ही की आपल्याला किती लक्षात राहील असं विचारल्यावर जास्त आत्मविश्वास वाचणाऱ्यांनाच होता! चौथ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, डोळे भराभर सरकतात, मन म्हणतं येतंय मला. पण समोर असलेलं ओळखणं आणि समोर नसताना आठवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पेपरात कोरं होणारी मुलं खोटं बोलत नसतात, त्यांना घरी खरंच येतंय असं वाटलेलं असतं. 2013 मध्ये डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या त्यात हायलायटर फिरवणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं तळाला गेलं, स्वतःची परीक्षा घेणं आणि अंतर ठेवून उजळणी करणं ही दोनच वरच्या श्रेणीत आली.

मग करायचं कसं. तीन-चार पानं वाचा, समजून घेत, घाई न करता. पुस्तक बंद. कोरा कागद घ्या आणि आठवेल ते लिहा, वाक्यं सुंदर असायची गरज नाही, बाण, आकृत्या, अर्धे शब्द, काहीही चालेल. अडलात तर लगेच पुस्तक उघडू नका, दोन मिनिटं तसंच झगडा, हा जो त्रास होतो ना, खरं शिकणं तिथेच चाललेलं असतं. मग पुस्तक उघडून दुसऱ्या रंगाच्या पेनाने राहिलेलं आणि चुकलेलं भरा. हे भरणं टाळू नका, चूक दुरुस्त न करता पुढे गेलात तर चूकच पाठ होईल. पहिल्या दिवशी कागद अर्धा रिकामा दिसेल आणि वाटेल की ही पद्धत आपल्याला जमत नाहीये, पण तो रिकामा भाग आधीही होताच, फक्त आत्ता दिसला. पाठ करायची सवय असलेल्या मुलांना पहिला आठवडा फार जड जातो, त्यांना घरच्यांनी "एवढंच आठवलं?" असं म्हणू नये ही मनापासून विनंती.

आता अंतर. एकाच दिवशी पाच तास बसण्यापेक्षा तेच पाच तास पाच दिवसांत वाटले तर जास्त टिकतं, हे इतक्या वेळा सिद्ध झालंय की यावर वाद उरलेला नाही. किती अंतर ठेवायचं ते तुम्हाला किती दिवस लक्षात ठेवायचंय त्यावर आहे, परीक्षा आठवड्यावर असेल तर एक-दोन दिवसांचं अंतर बरं, वर्षभर टिकवायचं असेल तर सुरुवातीच्या उजळण्या झाल्यावर तीन-चार आठवड्यांचं. एवढं मोजमाप नको असेल तर दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या, मग दहाव्या, मग महिन्याने असं धरा. शब्द, व्याख्या, सूत्रं अशा सुट्या गोष्टींना कार्डं करा, एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर, आणि पाच डबे. आलेलं कार्ड पुढच्या डब्यात जातं आणि उशिरा बघायचं, चुकलेलं थेट पहिल्या डब्यात परत. ही पद्धत 1970 च्या दशकात जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी लोकप्रिय केली, आजची फ्लॅशकार्डची ॲप्स याच कल्पनेवर चालतात. पण कार्डं स्वतः बनवा, दुसऱ्याची तयार कार्डं आणलीत तर गोष्ट समजून घेऊन छोटी करायची जी मेहनत असते ती तुमची होतच नाही.

गणिताची उदाहरणं एका प्रकारची वीस सलग सोडवू नका, तीन-चार प्रकार मिसळून सोडवा, कुठली पद्धत लावायची हे ओळखणं हाच अर्धा पेपर असतो.

आणि झोपा. गाढ झोपेत मेंदू दिवसभरात आलेल्या गोष्टी पुन्हा चाळतो आणि पक्क्या करतो, रात्रभर जागून केलेला अभ्यास सकाळपुरता टिकतो आणि नव्याने काही आत घ्यायची ताकदही कमी झालेली असते.

नावं, याद्या, भाषण

नाव लक्षात राहत नाही कारण नावाला अर्थाची पकड नसते, माणूस काय करतो ते राहतं कारण त्याला चित्र जोडलेलं असतं. शिवाय ओळख होताना आपण पुढे काय बोलायचं याच विचारात असतो. तर नाव ऐकलं की लगेच वापरा, चेहऱ्यातल्या एखाद्या ठळक गोष्टीला जोडा, आणि दोन मिनिटांनी मनात "काय बरं नाव" असं स्वतःला विचारा, तीच बाहेर काढायची युक्ती. विसरलं तर त्याच भेटीत पुन्हा विचारा, कुणाला राग येत नाही.

क्रमाने काही लक्षात ठेवायचं असेल, म्हणजे भाषणाचे मुद्दे वगैरे, तर घरातला नेहमीचा रस्ता धरा, दार, चपलांचा स्टँड, सोफा, खिडकी असा, आणि प्रत्येक जागी एकेक मुद्दा चित्र करून ठेवा, चित्र जितकं अतरंगी तितकं बरं. ही युक्ती प्राचीन ग्रीक कवी सिमोनिडीसच्या नावावर सांगतात. मेमरी स्पर्धांमधल्या खेळाडूंचे मेंदू एलेनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी तपासले, 2003 मध्ये ते प्रसिद्ध झालं, तर मेंदूची रचना इतरांसारखीच निघाली, बहुतेक जण हीच जागांची पद्धत वापरत होते. फक्त संकल्पना समजायला हिचा उपयोग नाही, आधी समजून घ्या मग जागा द्या.

करायचं होतं ते राहून गेलं

इथे मनावर भार ठेवूच नका. "उद्या गोळी घ्यायची" असं नुसतं ठरवून चालत नाही, तिला एखादा प्रसंग जोडा, "रात्री दात घासून झाले की ब्रश ठेवायच्या आधी गोळी". अमुक झालं की तमुक करायचं अशा वाक्यात ठरवलेली कामं जास्त पार पडतात हे पीटर गोलविट्झर यांनी बऱ्याच अभ्यासांतून दाखवलंय. न्यायची वस्तू दाराच्या कडीला अडकवा, बाकीचं फोनच्या रिमाइंडरमध्ये. विमानाचे पायलटसुद्धा चेकलिस्ट वाचूनच उड्डाण करतात, त्यात कमीपणा कसला.

आठवतंय म्हणजे तसंच घडलं होतं असं नाही

हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही कारण यावरून घराघरांत भांडणं होतात. आठवण दर वेळी नव्याने जुळवली जाते आणि जुळवताना बदलते. 1974 मध्ये लोफ्टस आणि पामर यांनी गाड्यांच्या टकरीची फिल्म दाखवली, मग काहींना विचारलं गाड्या एकमेकींवर "आदळल्या" तेव्हा वेग किती होता, काहींना "टेकल्या" तेव्हा. पहिल्यांनी सरासरी ताशी 41 मैलांच्या आसपास सांगितला, दुसऱ्यांनी 32. फिल्म तीच! 1986 मध्ये चॅलेंजर यान फुटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी उलरिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून बातमी कुठे, कशी कळली ते लिहून घेतलं आणि 1988 मध्ये पुन्हा विचारलं तर कित्येकांची हकीकत पार बदललेली होती, आणि खात्री मात्र पक्की. तेव्हा अपघात, महत्त्वाची मीटिंग, पैशाचा व्यवहार असं काही झालं की त्याच दिवशी, दुसऱ्या कुणाशी चर्चा करायच्या आधी, तारीख टाकून लिहून ठेवा. आणि समोरच्याला वेगळं आठवत असेल तर तो खोटंच बोलतोय असं लगेच धरू नका.

डॉक्टरकडे कधी जायचं

चावी कुठे ठेवली ते विसरणं नेहमीचं आहे, पण चावी हातात असून तिचं काय करायचं ते न कळणं, रोजच्या रस्त्यावर चुकणं, तोच प्रश्न थोड्या थोड्या वेळाने पुन्हा विचारणं, नेहमीचे हिशोब न जमणं, हे दिसलं तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. सगळं अल्झायमरच असतं असं नाही, बी 12 ची कमतरता, थायरॉइड, डिप्रेशन, झोपेत श्वास अडकणं, झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या काही गोळ्या, दारू, यामुळेही विसराळूपणा येतो आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार होतात. पण चालू गोळ्या मनाने बंद करू नका. आणि हे सगळं एकाएकी, काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत सुरू झालं असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा. एरवी जाताना चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी न्या, कधीपासून काय बदललं ते दोन-तीन उदाहरणांसकट लिहून न्या, आणि घरातलं एक माणूस सोबत न्या ज्याने तो बदल स्वतः बघितलाय, कारण ज्याला विसरायला होतंय त्याला आपण काय विसरलो ते सांगता येत नाही.